संपवायची सोय नसलेला अंतिम सामना

जर्मनीच्या राष्ट्रीय फुटबॉल विजेत्यांची यादी १९०३ पासून सुरू होते. तिच्यात काही वर्षं कोरी आहेत. १९१५ ते १९१९ कोरी, कारण पहिलं महायुद्ध. १९४५ ते १९४७ कोरी, कारण दुसरं महायुद्ध आणि त्यानंतरची वाताहत. उरतात दोन वर्षं, १९०४ आणि १९२२. या दोन्ही वर्षी लढाई नव्हती. संघ होते, मैदानं होती, अंतिम सामन्याची तारीख ठरलेली होती. १९२२ मध्ये तर सामना झालासुद्धा, एकदा नव्हे तर दोनदा. तरीही विजेता नाही.

विश्वचषकाचा एखादा मोठा सामना पेनल्टी शूटआऊटवर, म्हणजे बरोबरीनंतर दोन्ही संघांनी आळीपाळीनं मारायच्या पेनल्टींवर, गेला की दुसऱ्या दिवशी ठरलेली तक्रार येते: हा काय न्याय झाला? ही तर सोडत! २०२२ च्या अर्जेंटिना-फ्रान्स अंतिम सामन्यानंतरही ती आली. खेळाचा निकाल खेळातूनच लागला पाहिजे, गोल होईपर्यंत खेळवा, नाहीतर सामना पुन्हा घ्या, असं म्हणणारे लोक खेळावर प्रेम करणारेच असतात. त्यांची मागणी मात्र जुनी आहे. जर्मनीत ती नियम म्हणून अमलात होती, आणि १९२२ ची कोरी ओळ हा त्याच नियमाचा परिणाम आहे. अंतिम सामना कसा खेळायचा याइतकंच तो कसा संपवायचा हेही आयोजकांनी आधी लिहून ठेवलं पाहिजे, असं माझं मत आहे. ते लिहिलेलं नसेल तर निकाल खेळाडूंच्या पायांतून सुटतो आणि पदाधिकाऱ्यांच्या टेबलावर जातो. शूटआऊट सुंदर आहे असा माझा दावा नाही. पण ती टेबलापेक्षा बरी आहे.

त्या काळच्या जर्मन फुटबॉलला टेबलाची सवय होतीच. जर्मन फुटबॉल संघटना, म्हणजे डीएफबी, २८ जानेवारी १९०० रोजी लाइपझिगमध्ये स्थापन झाली; ८६ क्लबांचं प्रतिनिधित्व होतं. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९०३ ची. तिच्यात कार्ल्सरूहे आणि प्रागमधला जर्मन क्लब डीएफसी प्राग यांचा सामना कुठे घ्यायचा यावरून इतका घोळ झाला की शेवटी दोघांची लढत उपांत्य फेरीत लाइपझिगला ठेवावी लागली. सामन्याआधी कार्ल्सरूहेला तार आली: सामना पुढे ढकलला आहे. कार्ल्सरूहेचा संघ निघालाच नाही. तार बनावट होती. ती कुणी पाठवली हे कधीच उघड झालं नाही. प्रागचा संघ हजर होता, म्हणून एकही चेंडू न मारता तो अंतिम फेरीत गेला. डीएफबीचे तेव्हाचे अध्यक्ष फर्डिनांड ह्युप्पे प्रागचेच, डीएफसी प्रागशी संबंधित. त्यांनी काही गैर केलं याचा पुरावा नाही. पण नियम अपुरे असले की अशी शंका कायमची चिकटते, आणि ती आजतागायत चिकटलेली आहे.

३१ मे १९०३ रोजी अल्टोना इथे, म्हणजे आज हॅम्बुर्गचाच भाग असलेल्या गावी, कवायतीच्या माळावर अंतिम सामना झाला. धड चेंडू नाही म्हणून तो अर्धा तास उशिरा सुरू झाला. यजमान क्लबानं चेंडू आणून दिला तेव्हा शिट्टी वाजली. लाइपझिगनं प्रागला ७-२ असं हरवलं. सात गोल झाल्यावर हरकत घ्यायला कुणाला फारशी जागा उरत नाही, त्यामुळे पहिली स्पर्धा निभावली.

पुढच्या वर्षी निभावली नाही. सामने तटस्थ मैदानावर झाले नाहीत म्हणून कार्ल्सरूहेनं हरकत घेतली. हरकत खरी होती. नियम तटस्थ मैदानाचा होता आणि प्रवासखर्च वाचवायला तो सर्रास मोडला गेला होता. अंतिम सामना कासेलमध्ये, लाइपझिग आणि ब्रिटानिया बर्लिन यांच्यात ठरलेला. एका सामन्याची हरकत मान्य केली असती तर त्याच न्यायानं बाकीचे सामनेही बाद ठरले असते. म्हणून डीएफबीनं अगदी ऐन वेळी अंतिम सामनाच रद्द केला. १९०४ ची ओळ कोरी राहिली ती अशी.

या दोन अनुभवांनी डीएफबी शहाणी झाली, पण अर्धीच. मैदान कुठलं, तारीख कुठली, पंच कोण, याचे नियम घट्ट झाले. बरोबरी झाली तर काय, याचं उत्तर मात्र तेच राहिलं: निकाल लागेपर्यंत खेळा. आणि हा नियम चालतो असं वाटायला सबळ कारणही मिळालं. १९१० मध्ये कार्ल्सरूहेनं होल्स्टाइन कीलला जादा वेळेत, ११४ व्या मिनिटाच्या पेनल्टीवर, १-० असं हरवलं. ३१ मे १९१४ रोजी मागडेबुर्गमध्ये फ्युर्ट आणि लाइपझिग दीड तासानंतर बरोबरीत होते, दोन तासांनंतरही होते. मग खेळत राहिले. अडीच तास उलटून गेल्यावर फ्युर्टच्या कार्ल फ्रान्झचा गोल झाला, ३-२. लोकांना हे फार आवडलं. असा नियम दोनदा चालला की तो तिसऱ्यांदाही चालेल असं सगळे गृहीत धरतात. आठ वर्षांनी तिसरी वेळ आली.

१८ जून १९२२, रविवार. बर्लिनच्या ग्रुनेवाल्डमधलं डॉइचेस स्टेडियम, जे १९१६ च्या ऑलिम्पिकसाठी बांधलं गेलं आणि युद्धामुळे ते ऑलिम्पिक झालंच नाही. (याच ग्रुनेवाल्ड भागात सहा दिवसांनी परराष्ट्रमंत्री वाल्टर राटेनाऊ यांची हत्या झाली. देश किती तापलेला होता याचा अंदाज यावा म्हणून एवढं सांगितलं.) एका बाजूला न्यूरेंबर्ग. १९२० आणि १९२१ चे विजेते. १९१८ पासून १९२२ च्या फेब्रुवारीपर्यंत शंभराहून अधिक सामने ते हरले नव्हते. गोलमध्ये हायनर श्टुलफाउट. दुसऱ्या बाजूला हॅम्बुर्ग, तीन जुने क्लब एकत्र येऊन १९१९ मध्ये झालेला संघ, पहिल्यांदाच अंतिम फेरीत. त्यांचा आघाडीपटू टुल हार्डर, आणि मधल्या फळीत नॉर्वेचा आस्ब्योर्न हाल्वोर्सन.

पहिल्या अर्ध्या तासात तीन गोल झाले. १९ व्या मिनिटाला हॅम्बुर्ग पुढे, लगेच पुढच्या मिनिटाला ट्रेगनं बरोबरी साधली, ३० व्या मिनिटाला पॉपनं न्यूरेंबर्गला २-१ पुढे नेलं. मग जवळजवळ तासभर काही नाही, आणि ८६ व्या मिनिटाला हॅम्बुर्गच्या फ्लोरनं २-२ केलं. चार मिनिटं तग धरली असती तर न्यूरेंबर्गचं सलग तिसरं विजेतेपद झालं असतं आणि हा लेख लिहायचं कारण उरलं नसतं.

त्यानंतर जे झालं त्याला फुटबॉल म्हणावं का, हा प्रश्न आहे. त्या काळी बदली खेळाडू नव्हता. जखमी झालेला माणूस एकतर लंगडत खेळायचा नाहीतर बाहेर जायचा, आणि बाहेर गेला की संघ तेवढा कमी. चेंडू चामड्याचा, आत फुगा, तोंड वादीनं बांधलेलं. डोक्यानं खेळताना वादी कपाळाला लागली की कातडी सोलून निघायची. बूट घोट्याच्या वरपर्यंत, जड. अशा साहित्यानिशी, जूनच्या उन्हाळ्यात, त्याच बावीस माणसांनी दीड तासावर आणखी दीड तास काढला. पायांत गोळे येऊ लागले, आणि ते फक्त खेळाडूंना नव्हे. कोलोनचे पंच पेको बाउवेन्स यांच्याही पायांत आले. दमलेला संघ धावून हल्ला करत नाही. तो मागे राहतो, चेंडू लांब मारतो आणि समोरच्याची चूक होण्याची वाट बघतो. दोघेही तेच करू लागले की गोल होण्याची शक्यता वेळेबरोबर वाढत नाही, घटते. 'खेळत राहा' हा नियम नेमका याच ठिकाणी फसतो. तो गृहीत धरतो की जास्त वेळ म्हणजे जास्त संधी. पहिल्या अर्ध्या तासात तीन गोल करणाऱ्या याच संघांना ९० व्या मिनिटानंतर एकही गोल करता आला नाही.

१८९ व्या मिनिटाला सामना थांबला. कारण कुणी जिंकलं म्हणून नव्हे, दिसेना म्हणून. तेव्हा घड्याळं उन्हाळ्यात पुढे करत नसत, त्यामुळे जूनमध्येही बर्लिनचा सूर्य साडेआठच्या सुमारास मावळायचा. तीन तास नऊ मिनिटांचा खेळ, त्यात मध्यंतरं आणि जखमींसाठीचे खोळंबे. हा हिशेब कागदावर कुणीही आधी करू शकलं असतं. नियमात मिनिटांची मर्यादा नव्हती, पण सूर्याला होती.

फेरसामना सात आठवड्यांनी, ६ ऑगस्टला लाइपझिगमध्ये. नव्याकोऱ्या मैदानावर ५०,००० हून जास्त लोक. पंच पुन्हा बाउवेन्स. आणि आता दोन्ही संघांत पहिल्या लढतीचं सगळं उट्टं शिल्लक होतं. फेरसामन्याची ही बाजू त्याचे समर्थक विसरतात. त्यांना वाटतं पाटी कोरी होते. पाटी कोरी होत नाही. कुणी कुणाला लाथ मारली होती हे बावीस जणांच्या लक्षात असतं. १८ व्या मिनिटाला न्यूरेंबर्गच्या विली ब्यॉसला दांडगाईबद्दल बाहेर काढलं. (लाल कार्ड नव्हतंच, कार्डं १९७० च्या विश्वचषकात आली. तेव्हा पंच बोट दाखवून दरवाज्याची वाट दाखवायचे.) दहा जणांच्या न्यूरेंबर्गनं ४८ व्या मिनिटाला ट्रेगच्या पायातून गोल केला. ६९ व्या मिनिटाला हॅम्बुर्गच्या श्नायडरनं बरोबरी केली. मग न्यूरेंबर्गचा कुग्लर जखमी होऊन बाहेर गेला: नऊ. जादा वेळ सुरू झाला, ट्रेगनं प्रतिस्पर्ध्यावर हात उचलला आणि त्यालाही बाहेर काढलं: आठ. जादा वेळेचं पहिलं सत्र संपलं आणि पॉप कोसळला: सात.

तेव्हाच्या नियमानुसार आठपेक्षा कमी खेळाडूंवर सामना चालवता येत नव्हता. बाउवेन्स यांनी १०५ व्या मिनिटाला सामना सोडून दिला. १-१. दोन्ही दिवस मिळून २९४ मिनिटं आणि एकूण ३-३.

इथून पुढचा खेळ टेबलावरचा. डीएफबीनं आधी हॅम्बुर्गला विजेता ठरवलं. न्यूरेंबर्गनं तांत्रिक मुद्दा काढला: पंचांनी सामना मध्यंतरात सोडला, खेळ पुन्हा सुरू करून, माणसं पुरेशी नाहीत हे पाहून मग सोडायला हवा होता. मुद्दा ऐकायला हास्यास्पद वाटतो, पण नियमाच्या भाषेत त्याला वजन आहे. मध्यंतरात कोसळलेला माणूस शिट्टी वाजेपर्यंत उभा राहू शकतो, ही शक्यता पंचांनी खोडून टाकली होती. प्रकरण महिनोन्‌महिने चाललं. नोव्हेंबरमध्ये येना इथल्या डीएफबीच्या अधिवेशनात हॅम्बुर्गला विजेता जाहीर केलं गेलं, आणि हॅम्बुर्गनं ते विजेतेपद नाकारलं.

जर्मनीत ही गोष्ट दिलदारपणाची म्हणून सांगितली जाते. मैदानावर न मिळालेलं यश नको म्हणणारा संघ! मला ही मांडणी पटत नाही. हॅम्बुर्गवर संघटनेच्या आतूनच दबाव होता असं सांगितलं जातं, आणि तो नसता तरी काय फरक पडतो? ज्या निकालाची जबाबदारी नियमावलीनं घ्यायची, ती हरलेल्या किंवा जिंकलेल्या संघाच्या मनाच्या मोठेपणावर टाकणं ही आयोजकाची पळवाट आहे. मोठेपणा दाखवला नसता तर हॅम्बुर्ग आयुष्यभर 'टेबलावरचे विजेते' म्हणून ओळखले गेले असते. दाखवला म्हणून त्यांच्या खात्यात आज सात ऐवजी सहा विजेतेपदं आहेत. दोन्ही पर्यायांत भुर्दंड संघानंच भरायचा.

मग बरोबर निर्णय कुठला होता? सोपं उत्तर असं: हॅम्बुर्गचे अकरा शाबूत होते, न्यूरेंबर्ग खेळू शकत नव्हतं, म्हणून हॅम्बुर्ग. पण बाहेर गेलेल्या चौघांकडे नीट पाहावं. ब्यॉस आणि ट्रेग यांना बाहेर काढलं होतं; ती त्यांच्या संघाची चूक, तिची शिक्षा संघानं भोगावी हे रास्त. कुग्लर आणि पॉप जखमी आणि दमून गेलेले होते. फक्त शिक्षा धरल्या तर न्यूरेंबर्गकडे नऊ जण उरतात आणि सामना चालतो. सामना आठच्या खाली नेला तो दुखापतींनी, आणि दुखापती वाढवल्या त्या अमर्याद वेळेनं आणि बदली खेळाडू नसण्यानं. म्हणजे नियमानंच माणसं मोडली आणि मग माणसं मोडली म्हणून त्याच नियमानं सामना मोडला. उलट बाजूही खरी आहे: अकरा जण दहांविरुद्ध, मग नऊंविरुद्ध, मग आठांविरुद्ध खेळूनही हॅम्बुर्गला एकच गोल करता आला. विजेता म्हणावं असं त्यांनीही काही केलं नव्हतं. अशा वेळी कुठलाही निर्णय अर्धवटच वाटणार, कारण काय करायचं हे सामन्याआधी कुणी लिहिलेलं नव्हतं. मला विचाराल तर त्या वर्षीच्या नियमांत राहून हॅम्बुर्गला विजेता ठरवणंच कमी वाईट होतं. नियम वाईट आहे म्हणून तो मध्येच वाकवायचा नसतो. पुढच्या वर्षी बदलायचा असतो.

हाच सामना आजच्या नियमांत घालून पाहिला तर फरक कळतो. आज किमान खेळाडू सात लागतात. म्हणजे पॉप कोसळल्यावरही न्यूरेंबर्ग सात जणांवर कायदेशीरपणे उभं राहिलं असतं आणि उरलेली पंधरा मिनिटं खेळता आली असती. शिवाय बदली खेळाडू मिळाले असते, त्यामुळे कुग्लर आणि पॉप यांच्या जागी ताजी माणसं आली असती. संघ नऊचा राहिला असता. १२० मिनिटांना बरोबरी असती तर शूटआऊट. शूटआऊटमध्ये एक कलम आहे जे प्रेक्षकांना सहसा माहीत नसतं: ज्या संघाकडे जास्त खेळाडू आहेत त्यानं आपली संख्या दुसऱ्याइतकी कमी करायची. हॅम्बुर्गला अकरातून दोघं वगळावे लागले असते. हे कलम का? कारण पहिल्या पाच फटक्यांनंतरही बरोबरी राहिली तर एकेक फटका चालू राहतो, आणि प्रत्येकाचा एक फटका झाल्याशिवाय कुणालाही दुसरा घेता येत नाही. नऊ जणांच्या संघाचा सर्वात चांगला नेमबाज दहाव्या फटक्याला परत आला असता, तेव्हा अकरा जणांच्या संघाला मात्र आपला दहावा, सर्वात कच्चा माणूस पाठवावा लागला असता. म्हणजे शिक्षा झालेल्या संघाचाच फायदा. हे कुणाच्या तरी लक्षात आलं, कलम लिहिलं गेलं, भोक बुजलं. नियमावली अशी एकेक भोक बुजवत तयार होते. १९२२ च्या नियमावलीत भोकच होतं, कापड नव्हतं.

शूटआऊट कुठून आली? १९७० मध्ये आंतरराष्ट्रीय नियम मंडळानं ती स्वीकारली. तिचा आग्रह धरणाऱ्यांत बव्हेरियाचे पंच कार्ल वाल्ड होते. इस्रायलच्या योसेफ डगान यांचंही नाव घेतलं जातं. त्याआधी काय होतं? नाणेफेक. १९६५ मध्ये युरोपियन कप या क्लबांच्या स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत कोलोन आणि लिव्हरपूल यांचे तीन सामने झाले, तिसरा रॉटरडॅममध्ये २-२. मग पंचांनी चकती उडवली. ती चिखलात उभीच रुतली! पुन्हा उडवावी लागली, आणि कोलोन बाहेर. १९६८ च्या देशांच्या युरोपियन स्पर्धेत इटली-सोव्हिएत संघ उपांत्य सामना नेपल्समध्ये नाण्यावर ठरला आणि इटलीनं पुढे जाऊन ती स्पर्धा जिंकली. शूटआऊटला सोडत म्हणणाऱ्यांनी खरी सोडत कशी असते ते इथे पाहावं. पेनल्टीत निदान नेमबाजाचा पाय, गोलरक्षकाचा अंदाज आणि दोघांची छाती लागते. ते फुटबॉलचं अपुरं रूप आहे, पण फुटबॉलच आहे.

फेरसामन्याचं काय? तो नेहमीच फसतो असं नाही. १९३८ चा जर्मन अंतिम सामना हानोवर ९६ आणि शाल्के यांच्यात ३-३ राहिला, आठवड्यानं फेरसामना झाला आणि हानोवरनं तो जादा वेळेत ४-३ जिंकला. उत्तम. पण १९७४ च्या युरोपियन कप अंतिम सामन्यात बायर्न म्युनिकनं अ‍ॅटलेटिको माद्रिदशी जादा वेळ संपता संपता १-१ केलं आणि दोनच दिवसांनी ब्रसेल्समध्येच झालेला फेरसामना ४-० जिंकला. अ‍ॅटलेटिकोचा संघ दमलेला होता. दोन दिवसांच्या फेरसामन्यात कोण चांगलं खेळतं यापेक्षा कुणाची माणसं लवकर सावरतात याची परीक्षा होते. सात आठवड्यांच्या फेरसामन्यात, १९२२ सारखं, वैर मुरतं. मधलं अंतर काढायचं तर वेळापत्रकात जागा कुठे आहे?

सुवर्णगोलाचाही प्रयोग झाला: जादा वेळेत पहिला गोल झाला की सामना तिथेच संपला. म्हणजे १९१४ चाच नियम, फक्त अर्ध्या तासाची मर्यादा घालून. १९९६ मध्ये ऑलिव्हर बिअरहोफच्या अशाच गोलानं जर्मनीनं झेक प्रजासत्ताकाला हरवून युरोपियन स्पर्धा जिंकली. काही वर्षांत तो गुंडाळला गेला. एका चुकीनं सगळं संपणार म्हटल्यावर संघ हल्लाच करेनात. दमलेली माणसं जे करतात तेच घाबरलेली माणसं करतात.

संयुक्त विजेते हा आपल्याकडचा आवडता तोडगा. १९८२-८३ ची संतोष करंडक ही राज्यांची फुटबॉल स्पर्धा गोवा आणि बंगाल यांनी वाटून घेतली. गोव्याच्या फुटबॉलला त्या करंडकाचं महत्त्व मोठं होतं, त्यामुळे त्याला नावं ठेवायची इच्छा होत नाही. पण आधी लिहिलेला संयुक्त विजय आणि ऐन वेळी सुचलेला संयुक्त विजय यांत फरक करावा लागतो. पहिल्यात संघ जाणूनबुजून बरोबरीसाठी खेळू शकतात. दुसऱ्यात आयोजक हात झटकतात. १९२२ मध्ये हा तोडगा का काढला नाही याचं मला नवल वाटत नाही: दोन्ही क्लबांना एकमेकांबरोबर नाव कोरलेलं चाललं असतं असं त्या फेरसामन्यावरून तरी दिसत नाही.

आधी लिहिलेला, खेळाच्या दृष्टीनं अपुरा, तरीही कुणी न भांडणारा नियम पाहायचा तर नागपूरला जावं. २०२५ च्या रणजी अंतिम सामन्यात विदर्भ आणि केरळ यांची लढत जामठ्यावर अनिर्णित राहिली आणि पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भ विजेता झाला. चौथ्या डावात काय झालं असतं हे कुणालाच कळलं नाही. केरळनं हरकत घेतली नाही, कारण पहिल्याच दिवशी दोन्ही कर्णधारांना माहीत होतं की आघाडी म्हणजे करंडक. त्यामुळे केरळनं पहिल्या डावात तसाच जीव लावला आणि विदर्भानं आघाडीनंतर वेळ काढत फलंदाजी केली. ज्यांना ही फलंदाजी कंटाळवाणी वाटली त्यांची तक्रार नियमाशी असावी, निकालाशी नव्हे. संपवायचा नियम आधी ठाऊक असला की तो खेळाचाच भाग होतो. डावपेच त्याभोवती बांधले जातात. तोच नियम सामन्यानंतर लावला तर तो निवाडा होतो.

आज फुटबॉलचा सातवा नियम सांगतो की सोडून दिलेला सामना पुन्हा खेळवायचा, स्पर्धेच्या नियमांत किंवा आयोजकांनी वेगळं ठरवलं नसेल तर. म्हणजे शंभर वर्षांनंतरही ती खिडकी उघडीच आहे, आणि ती बंद करायचं काम प्रत्येक स्पर्धेच्या नियमावलीचं आहे. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरची स्पर्धा असो की तालुक्याच्या शाळेची, दोन पानांच्या नियमावलीत बहुधा प्रवेश फी, वयाचे दाखले आणि 'पंचांचा निर्णय अंतिम' एवढंच असतं. पंचांचा निर्णय अंतिम हे वाक्य १९२२ मध्ये काही कामाचं ठरलं नाही. पंचांचा निर्णय सामना सोडण्याचा होता. विजेता कोण, हा निर्णय पंचांचा नव्हताच.

लिहायला काय लागतं? बरोबरी झाल्यास जादा वेळ आहे की थेट शूटआऊट. सामना प्रेक्षक, पाऊस किंवा अंधारामुळे थांबला तर उरलेली मिनिटं खेळायची की पुन्हा पहिल्यापासून, किती दिवसांत, बाहेर काढलेला खेळाडू तेव्हा चालेल की नाही. एका संघाच्या वागण्यामुळे थांबला तर गोल किती धरायचे. माणसं सातच्या खाली गेली तर, आणि ती शिक्षेनं गेली की दुखापतीनं यात फरक करायचा की नाही. हरकत किती तासांत, किती अनामत रकमेसह, आणि ती ऐकणारे तिघे कोण. त्यांत खेळणाऱ्या संघांचा माणूस नसावा हे लिहायची लाज वाटू नये. आणि वेळेचा हिशेब: डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या आसपास मावळतो. चार वाजता सुरू केलेला नव्वद मिनिटांचा सामना पंधरा मिनिटांचं मध्यंतर आणि खोळंबे धरून सहाला दहा मिनिटं कमी असताना संपतो. दिव्यांची सोय नसेल तर जादा वेळ त्यात बसतच नाही. शूटआऊटला पंधरा मिनिटं लागतात, तीही जेमतेम. मग एकतर साडेतीनला सुरू करून बरोबरीत थेट शूटआऊट घ्यावी किंवा अडीच-तीनला सुरू करून जादा वेळ ठेवावा. हा निर्णय पत्रिका छापण्याआधी व्हायला हवा, संध्याकाळी पावणेसहाला मैदानाच्या कडेला उभं राहून नव्हे.

हॅम्बुर्गला १९२२ चं विजेतेपद आता मागे जाऊन द्यावं, असं मधूनमधून सुचवलं जातं. देऊ नये. त्या ओळीवर आता कुणाचंही नाव कोरलं तर तो पुन्हा टेबलावरचाच निकाल ठरेल, आणि यादीत ती कोरी जागा दिसत राहणं आयोजकांसाठी उपयोगाचं आहे. हॅम्बुर्गला फार थांबावंही लागलं नाही. १९२३ मध्ये बर्लिनमध्ये उनियोन ओबरश्योनेवाइडला ३-० असं हरवून ते विजेते झाले. १९२४ च्या अंतिम सामन्यात, पुन्हा बर्लिनमध्ये, तेच दोन संघ समोरासमोर आले. न्यूरेंबर्गनं २-० असं जिंकलं, नव्वद मिनिटांत.